इंतुयो म्हणजे मला जाणवतं

लेकीचा फोन आला तेव्हा मी बाथरूममधल्या नळाला नवा वॉशर बसवत होतो आणि बायको दारात उभी राहून तो उलटा बसतोय असं सांगत होती. फोन तिच्याच हातात, स्पीकरवर. लेक लांब परदेशी नोकरी करते. आढेवेढे न घेता म्हणाली, "आई, बाबा, मी लग्न ठरवलंय. मुलगा माझ्याच ऑफिसातला आहे. त्याच्या घरी सगळे स्पॅनिश बोलतात."

माझ्या हातातला पाना सुटून बादलीत पडला. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "तोच ना गं? फोटोत कायम तुझ्या डाव्या हाताला उभा असतो, शर्टाच्या बाह्या दुमडून?"

"आई! तुला कसं कळलं?"

"कळतं."

या "कळतं"पुढे मी आयुष्यभर हरत आलोय. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं दुकान जळलं, कुणाची गाडी ठोकली, की कागद माझ्या टेबलावर येतात आणि फोटो, पावती, पंचनामा, सही आणि शिक्का पाहिल्याशिवाय आग गरम होती हेसुद्धा मी मान्य करत नाही. ढग आले म्हणून छत्री घेणाऱ्यांतला मी नव्हे. अंगावर थेंब पडला, तो पुरावा, मग छत्री. बायकोचं सगळं याच्या उलट. जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून शेजारीण नवऱ्याशी भांडून आलीय की भांडायला निघालीय हे ती ओळखते. तो मुलगा त्या फोटोंमध्ये मलाही दिसला होताच की. पण मला तो नुसता एक शर्ट म्हणून दिसला होता.

"तुम्हाला कधी काही जाणवतच नाही हो," बायको म्हणाली. रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. नळ गळतोय हे सांगावं तसं म्हणाली.

फोनवर लेकीचा आवाज जरा खाली आला. "त्याच्या आईचंच मला कळत नाही. इंग्रजी त्यांना येत नाही. व्हिडिओ कॉलवर नुसत्या माझ्याकडे बघत बसतात. मी पसंत आहे की नाही, देव जाणे. सुट्टीत आम्ही सगळेच तुमच्याकडे येतोय. तुम्ही जरा सांभाळून घ्या हं."

आमची लेक घाबरणारी नाही. लहानपणी दात काढायला गेली तर डॉक्टरच घाबरले होते. तिचा असा आवाज ऐकून माझं काळीज हललं, आणि एक हात नळावर ठेवून मी जाहीर केलं, "मी स्पॅनिश शिकणार."

"आधी वॉशर," बायको म्हणाली. तो उलटाच बसला होता.

आमच्या समोरच्या दारात माहितीसाहेब राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांनी जगातल्या सर्व विषयांची माहिती ठेवायचं काम अंगावर घेतलंय. माझा बेत त्यांना जिन्यातच कळला.

"स्पॅनिश? अहो, दोन दिवसांचं काम. प्रत्येक शब्दाच्या शेवटी ओ लावायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे जिनो. कुलुपो. बायकांच्या बाबतीत आ लावायचा." त्यांनी दारात उभ्या माझ्या बायकोकडे पाहिलं, पण उदाहरण दिलं नाही. "बाकी एक संस्था आहे, पासपोर्टच्या कचेरीमागे. तिथे माझं नाव सांगा."

मी संस्थेत जाऊन त्यांचं नाव सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे एक प्रश्नपत्रिका सरकवली आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "प्रवेशपरीक्षा. तुमची पायरी ठरवायला."

"बाई, मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही. मला सगळ्यांत खालची पायरी द्या."

"येत नाही हे तुम्ही म्हणता. पुरावा काय?"

माझा पुराव्याबद्दलचा आदर सर्वांना माहीत आहे. मी विचारलं, "मग कोरा पेपर देऊ?"

"कोरा पेपर मशीन बाहेर फेकतं. प्रत्येक प्रश्नाला चारांपैकी एका उत्तरावर खूण करायची."

आता मी बाकावर बसून प्रामाणिकपणे विचार केला. नुसत्या खुणा करत गेलो तर चुकून एखादं उत्तर बरोबर यायचं. तेव्हा प्रत्येक प्रश्नाची चारही उत्तरं मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि जे कानाला सगळ्यांत चुकीचं वाटलं त्यावर काळजीपूर्वक खूण केली. नापास होण्यासाठी इतकी मेहनत त्या इमारतीत कुणी घेतली नसेल.

मशीनमधून निकाल बाहेर आला तेव्हा खिडकीतल्या बाई उभ्या राहिल्या. "एकच चूक! आणि म्हणे अक्षर येत नाही. तिसरी पायरी."

मी हात जोडले. मला खाली पाठवा म्हणालो. बाईंनी मला नियम समजावून सांगितला. तिसऱ्या पायरीवरून खाली यायचं तर आधी तिसरीत नापास व्हावं लागतं, नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं आणि परीक्षेला बसायला सबंध सत्र हजर राहावं लागतं. परीक्षा चुकवली तर पुन्हा तिसरीच. हे सगळं मला इतकं ओळखीचं वाटलं की मी मनात त्या बाईंना आमच्या कंपनीत नोकरीसुद्धा देऊन टाकली.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्हाला जे चूक वाटलं ते सगळं बरोबर निघालं?" आणि ती बराच वेळ स्वयंपाकघरात एकटीच हसत होती.

तिसऱ्या पायरीचा वर्ग म्हणजे पांढऱ्या फळ्याची, लांबट खिडक्यांची खोली आणि त्यात माझ्या लेकीच्या वयाची मंडळी. शिकवणाऱ्या बाई उंच, उत्साही आणि कडक. वर्गात फक्त स्पॅनिश. मराठी दाराच्या बाहेर, पायपुसण्यापाशी सोडायचं. पहिल्या दिवशी सगळे हसले की मी हसायचो, सगळे लिहायला लागले की मीही लिहायचो. काय लिहायचो ते विचारू नका. एकदा सगळे उठून बाहेर गेले म्हणून मीही गेलो, तर ती पाण्याची सुट्टी होती आणि मला तहान नव्हती.

मग बाईंनी एक बरणी फिरवली. तीत घडी केलेल्या चिठ्ठ्या. ज्याला जी चिठ्ठी येईल ते क्रियापद त्याचं. सत्रभर ते सांभाळायचं, आणि तोंडी परीक्षेत त्याच्यावर बोलायचं. शेजारच्याला "खाणे" मिळालं. पुढच्या बाकावर "झोपणे" गेलं आणि हेवा वाटावा अशा चेहऱ्याने स्वीकारलं गेलं. मला आलं ते "इंतुइर".

तास संपल्यावर मी पायपुसण्यावर बाईंना गाठलं. "बाई, याचा अर्थ?"

"फार सुंदर क्रियापद आहे," बाई म्हणाल्या. "हातात काही पुरावा नसताना आतून कळणं."

मी भिंतीला टेकलो. "बाई, मी विम्यात आहे. पुरावा नसताना मला कळायला लागलं तर माझी नोकरी जाईल. मला 'तपासणे' द्या. 'फेटाळणे' द्या."

"चिठ्ठी बदलत नाही," बाई म्हणाल्या, आणि टाचा वाजवत निघून गेल्या.

तर हे इंतुइर. मराठीत याला नेमका शब्द शोधायचा म्हणून मी आणि माहितीसाहेबांनी जिन्यात उभं राहून एक सबंध रविवार घालवला. ते म्हणाले कुणकुण लागणे. मी म्हणालो, कुणकुण लागायला कुणीतरी आधी कुजबुजावं लागतं. ते म्हणाले, मनात पाल चुकचुकणे. मी म्हणालो, त्यात नेहमी वाईटच असतं, आणि इथे लेकीच्या लग्नाचा प्रश्न आहे. चाहूल, सुगावा, वास येणे असं करत करत आम्ही "जाणवणे"पाशी आलो. आणि तिथे मला एक गोष्ट लक्षात आली, जी मी आजही लोकांना थांबवून सांगतो. मराठीत मी काही जाणवत नाही. मला जाणवतं. म्हणजे जाणवणं बाहेरून चालत येतं आणि मी नुसता घरी बसलेला असतो. आलं तर आलं. इतकी वर्षं माझ्याकडे आलंच नाही, यात माझा काय दोष? स्पॅनिशमध्ये मात्र ते काम स्वतः करावं लागतं. इंतुयो, म्हणजे मी हे करतो. खाणे, झोपणे, तसंच हे.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग करा की."

मी करायला लागलो. दाराची बेल वाजली की उघडण्याआधी कोण आहे ते इंतुइर करायचं, असा सराव माहितीसाहेबांनी सुचवला. मी दारामागून मोठ्याने म्हणायचो, "गॅसवाला!" आणि दार उघडावं तर सोसायटीचे चेअरमन. चेअरमन अजून माझ्याशी तुटक बोलतात. दुसऱ्या दिवशी मी नम्रपणे "चेअरमनसाहेब, या!" म्हणून दार उघडलं तर गॅसवाला. तो तेव्हापासून सिलिंडर आत आणून ठेवत नाही.

पण रूपं मात्र मी पाठ केली. आंघोळ करताना, भाजी निवडताना, बसच्या रांगेत. इंतुयो, इंतुयेस, इंतुये. आणि एके संध्याकाळी वर्गात बाईंनी फळ्यावर मूळ रूप लिहून त्याच्या खाली "इंतुयो" लिहिलं, त्यातल्या "य"भोवती गोल काढला आणि सगळ्यांकडे बघत काहीतरी विचारलं. सगळे वह्या चाळायला लागले. मला प्रश्न कळला नाही, पण गोल दिसला. इ गेली, य आला. आणि कुठूनतरी शाळेतली व्याकरणाची बाकं, खडूचा वास आणि छडी माझ्या अंगावर धावून आली.

"यण् संधी!" मी ओरडलो.

मराठी! वर्गात! बाई थिजल्या. मी तसाच फळ्यापाशी गेलो आणि "अति" अधिक "अंत" लिहून पुढे "अत्यंत" लिहिलं. इच्या पुढ्यात दुसरा स्वर आला की ती तिथे टिकत नाही, तिचा य होतो. त्यांचाही तसाच.

बाईंनी फळा वाचला. मग त्यांनी मार्कर खाली ठेवला आणि टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्या वर्गाने. त्या दिवशी मी घरी बसने नाही, चालत आलो. ही बातमी बसच्या वेगाने नेण्यासारखी नव्हती.

याच सुमारास ऑफिसात एक प्रकार घडला. एका गालिचेवाल्याचं गोदाम जळलं होतं. कागद चोख. इतके चोख की माझं मन भरून आलं. गालिचेवाला समोर घाम पुसत बसलेला, मी पानं उलटतोय आणि सवयीने ओठांतल्या ओठांत माझी रूपं चालली आहेत.

"साहेब, काय म्हणालात?" गालिचेवाल्याने विचारलं.

"काही नाही. इंतुयो." बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. मी बघितलं.

तो खुर्चीत सरकला. "ते... ते लावायलाच पाहिजे का?"

"आता सुरू केलंय तर सगळे काळ पुरे करावे लागतील."

"सगळे काळ? म्हणजे आगीच्या आधीचासुद्धा?"

"आधी तोच. भूतकाळातच तर सगळी गोम आहे," मी म्हणालो. आणि खरंच आहे ते, स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन आहेत आणि मला दोन्ही छळत होते.

गालिचेवाल्याचा चेहरा पडला. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि सांगून टाकलं की गालिचे आगीच्या आदल्या दिवशीच मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये हलवले होते. "साहेब, दावा मागे घेतो. पण ते इंतुयो लावू नका."

आमचे वरिष्ठ धावत आले. मला खांद्याला धरून त्यांनी सगळ्या मजल्यावरून फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून अवघड फाइल आली की ते दारातून डोकं आत घालून म्हणायचे, "याला इंतुयो लावून घ्या हो." पुराव्यावर जगलेल्या माणसाच्या वाट्याला पुराव्याविना कीर्ती आली. घरी मी ही हकिकत दोनदा सांगितली. बायको म्हणाली, "घाम पुसत होता ना तो? मग त्यात काय कळायचं राहिलं?"

पाहुणे यायचा दिवस उजाडला. बेत असा होता की लेक आणि जावई सकाळी येणार, त्याचे आईवडील दुपारी दुसऱ्या विमानाने. म्हणजे दुभाषे आधी, पाहुणे नंतर. संध्याकाळी माझी तोंडी परीक्षा होती, पण तोवर घर मार्गी लागलेलं असणार होतं. सकाळी लेकीचा फोन. "बाबा, आमचं विमान रद्द झालं! उद्या सकाळशिवाय दुसरं नाही. ते दोघं मात्र निघालेत. बाबा, काय करू?"

"तू काही करू नकोस," मी म्हणालो. "मी आहे." फोन ठेवल्यावर मी वही काढून माझी रूपं मोजली.

व्याही बुटके, गोल, हसऱ्या चेहऱ्याचे निघाले. विहीणबाई उंच, ताठ आणि काळ्या चष्म्यातल्या. घरी आल्यावरही चष्मा काढेनात. मोठी पर्स गुडघ्यांवर घट्ट धरून त्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या, तिकीट काढलेल्या गाडीची वाट बघत असल्यासारख्या. व्याही उभेच. बायको म्हणाली, "मोबाइलवर ते भाषांतर करतात ना, ते लावा." लावलं. तिने मोबाइलसमोर तोंड नेऊन प्रेमाने म्हटलं, "अहो, उभे का? टेका ना जरा."

मोबाइलने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. व्याह्यांनी दचकून आजूबाजूला पाहिलं आणि जाऊन भिंतीला टेकले.

ते तसेच टेकून कॉफी प्यायले. मी मोबाइल बंद करून खिशात घातला. मग जी शांतता पसरली, तिच्यात फ्रिजचा आवाजसुद्धा आगाऊ वाटत होता. विहीणबाई काहीतरी एक वाक्य बोलल्या. मला कळलं नाही. बायको हसून बघत राहिली. तिचंही घोडं अडलं होतं, कारण काळ्या चष्म्याच्या आड तिलाही काही दिसेना. माझ्या कानांत लेकीचा तो खाली आलेला आवाज घुमायला लागला. मी घसा साफ केला आणि माझ्याकडे जे एकमेव होतं ते काढलं.

"इंतुयो..."

विहीणबाईंनी मान वळवली. "के?" म्हणजे काय? काय जाणवतं तुम्हाला?

आता आली पंचाईत. क्रियापद झालं, पुढे काय? मी त्यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं. पर्सवर आवळलेली बोटं. कडेला टेकलेलं अंग. आणि एकदम मला तिसऱ्या पायरीच्या वर्गातला पहिला दिवस आठवला, सगळे हसले की हसणारा मी. ही बाई कडक नव्हती. ही बाई माझ्यासारखी बसली होती.

"इंतुयो... मियेदो," मी म्हणालो. मियेदो म्हणजे भीती. आणि उद्धटपणा नको म्हणून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "यो. मियेदो." मला. भीती.

विहीणबाईंनी चष्मा काढला. डोळे रडून सुजलेले होते, आणि ते एका विमानप्रवासातलं रडणं नव्हतं. "यो तांबियेन," त्या हळूच म्हणाल्या. मलापण.

बायको उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. कॉफीचे कप बाजूला सारून तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. व्याही भिंतीपासून सुटले. एकुलता एक मुलगा लांबच्या देशातल्या मुलीच्या हवाली करायला निघालेली बाई ती. आम्हीही एकुलती एक लेक घेऊन त्याच रांगेत उभे. हे सांगायला कुणालाच शब्द लागले नाहीत. मात्र पहिला माझा होता, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, तुमची परीक्षा!"

"राहू दे. पाहुण्यांना सोडून कुठे जाऊ?"

"म्हणजे पुन्हा सबंध सत्र तुमचं ते बाथरूममधलं इंतुयेस ऐकू? चला, सगळेच जाऊ."

टॅक्सी करून चौघे संस्थेत. खिडकीतल्या बाईंनी हात आडवा केला. "परीक्षेच्या खोलीत नातेवाइकांना बसता येत नाही."

"हे नातेवाईक नाहीत," मी म्हणालो. "अजून झालेले नाहीत. होणार आहेत."

बाईंनी नियमावली चाळली. होणाऱ्या नातेवाइकांविषयी तीत काही नव्हतं. आम्ही आत गेलो.

परीक्षक बाहेरचे होते. किडकिडीत, टाय बांधलेले, समोर पेन्सिली एका रांगेत मांडलेल्या. बाजूला आमच्या बाई. मागच्या बाकावर बायको, विहीणबाई आणि व्याही. मी उभा राहिलो आणि तयार केलेलं भाषण सुरू केलं. स्पॅनिशमध्ये बायकोला "मुहेर" म्हणतात, ते मला "माहेर"मुळे कधीच विसरायला झालं नाही. मी म्हणालो की लेकीने लग्न ठरवलं. मग म्हणालो, "मि मुहेर लो इंतुइआ तोदो." माझ्या बायकोला सगळं जाणवत होतं. "यो नो इंतुइआ नादा." मला काहीही जाणवत नव्हतं.

मागून व्याह्यांचा हसण्याचा आवाज आला. परीक्षकांनी पेन्सिल उचलली आणि मान हलवली. "इंतुयोऽ," शेवटच्या ओवर जोर देऊन ते म्हणाले. ते दोन भूतकाळ मी मघाशी म्हणालो ना, ते हे. एकदा जाणवलं आणि संपलं, तर इंतुयोऽ. सारखं जाणवतच होतं, तर इंतुइआ. परीक्षकांच्या मते माझ्या बायकोला एकदा जाणवलं आणि संपलं.

मी काही बोलायच्या आत बाक वाजला. विहीणबाई उभ्या राहिल्या होत्या. पर्स बाकावर टाकून, दोन्ही हात मोकळे करून त्या बोलायला लागल्या, आणि असं काही बोलल्या की परीक्षकांच्या पेन्सिली घरंगळल्या. मला त्या प्रवाहात माझं क्रियापद तेवढं ओळखू येत होतं. इंतुइआ येत होतं, इंतुयोऽ जात होतं, इंतुयेन, इंतुइमोस, सगळी खानदानी मंडळी खोलीभर उडत होती. परीक्षक काहीतरी म्हणाले. विहीणबाईंनी माझ्या बायकोकडे हात केला, मग स्वतःकडे, मग छतापलीकडच्या जगातल्या समस्त बायकांकडे.

"त्या तुमची बाजू घेतायत," बायको मला कुजबुजली.

"कशावरून?"

"अहो, कळतं!"

आमच्या बाई हसू दाबत माझ्याजवळ सरकल्या आणि, नियम मोडून, मराठीत म्हणाल्या, "त्या म्हणताहेत, बायकोचं जाणवणं काय अपघात आहे, एकदा झाला आणि संपला? ते चालूच असतं. हा गृहस्थ बरोबर बोलला. ज्या पुरुषाला हे समजलं त्याचे गुण कापणार?"

परीक्षकांनी कपाळ पुसलं. त्यांनी विहीणबाईंना काहीतरी विचारलं, बहुधा आपण कोण. विहीणबाई माझ्याकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात उत्तरल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, मी यांची नातेवाईक आहे."

दारातून खिडकीतल्या बाईंचा आवाज आला, "बघा! मी म्हटलं होतं! नातेवाइकांना बसता येत नाही!" पण तोवर परीक्षकांनी गुण लिहून टाकले होते. पैकीच्या पैकी. खाली शेरा दिला, भाषेची जाण असामान्य. आमच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि मला चौथ्या पायरीत ढकललं. मला अजून दुकानात जाऊन साबण मागता येत नाही, पण ते त्यांच्या नियमात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि जावई दारात उभे राहिले. प्रवासाने दमलेले, त्याहून काळजीने. लेकीने पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. तशीच आत आली आणि थबकली. टेबलाशी बायको आणि विहीणबाई एकाच ताटात वाटाणे सोलत होत्या आणि आळीपाळीने एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, एक मराठीत आणि एक स्पॅनिशमध्ये, आणि दोघी योग्य ठिकाणी हसत होत्या. मी आणि व्याही बाथरूमच्या दारात नळाच्या वॉशरवर चर्चा करत होतो. तो परदेशातही उलटाच बसतो असं दिसलं.

"बाबा," लेक म्हणाली, "त्या हसतायत."

"मग? हसऱ्याच आहेत त्या."

विहीणबाई उठल्या. लेकीला त्यांनी जवळ घेतलं, दोन्ही गालांवर हात ठेवले आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. लेक जावयाकडे बघायला लागली. जावई लाजत लाजत इंग्रजीत सांगत गेला आणि लेकीचे डोळे भरून आले, आणि मग ती एकदम हसायलाच लागली.

"काय म्हणतायत गं?" बायकोने विचारलं.

"म्हणतायत, तू मला फार आवडलीस. पहिल्यांदा फोनवर दिसलीस तेव्हापासून. बोलायला भीती वाटायची म्हणून नुसती बघत बसायचे." लेकीने नाक पुसलं. "आणि म्हणतायत, इतके दिवस माझ्या मुलाबरोबर आहेस आणि एक शब्द शिकली नाहीस. आता वडिलांकडे शिकवणी लाव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बाबा, शिकवाल मला?" लेक म्हणाली. "आत्ताच बसू. कुठून सुरू करायचं?"

"उद्या," मी म्हणालो. "आज मला वेळ नाही. व्याह्यांशी गप्पा मारायच्या आहेत."